शागाल, मार्क : ‘मी आणि गाव’

मार्क शागाल (७ जुलै १८८७–२८ मार्च १९८५) या ज्यू चित्रकाराने १९११ मध्ये पॅरिसमध्ये रंगवलेले तैलचित्र. उंची सुमारे १९२ सेंमी., रुंदी सुमारे १५१ सेंमी. ते न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. शागालचे बालपण रशियन साम्राज्यातील, आजच्या बेलारूसमधील व्हीतेब्स्क शहरात गेले. वडील हेरिंग माशांच्या वखारीत मजुरी करीत, आई किराणा दुकान चालवी. आजोबा ल्योझ्नो या गावी खाटीक होते. या चित्राची ओळख बहुधा ‘स्वप्नचित्र’ अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. चित्राला स्वप्नाची मोकळीक असली, तरी त्याची रचना पूर्ण जागेपणी, विचारपूर्वक केलेली आहे.

चित्रात उजवीकडे टोपी घातलेला हिरव्या चेहऱ्याचा माणूस आणि डावीकडे जनावराचे मुख समोरासमोर आहेत. दोघांचे डोळे एका बारीक रेषेने जोडलेले आहेत. जनावराच्या गालावरच दूध काढणारी बाई रंगवली आहे. वर खांद्यावर विळा टाकलेला शेतकरी चालला आहे, त्याच्यापुढची बाई उलटी आहे आणि घरांच्या रांगेतली काही घरेही उलटी आहेत. हे सारे वर्तुळे आणि तिरक्या रेषा यांच्या चौकटीत बसवले आहे. ही चौकट पॅरिसच्या घनवादाने दिली. मात्र घनवादी चित्रकार वस्तूचे पैलू वेगळे करीत, तर शागालने त्याच युक्तीने निरनिराळ्या वेळच्या आठवणी एकत्र आणल्या. आठवणीत गाय, दूध आणि दूध काढणारे हात वेगळे राहत नाहीत; म्हणून ते गालावर एकत्र येतात. गुरांशी कुटुंबाचा जवळचा संबंध होता. त्यामुळे माणूस आणि जनावर यांना समान आकार देण्यामागे परीकथा नाही, अनुभव आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, हे अतिवास्तववादी चित्र आहे. परंतु त्या चळवळीचा जाहीरनामा १९२४ चा आहे, आणि शागाल तिच्यात सामील झाला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हा नष्ट झालेल्या ज्यू जगाचा शोक आहे. नाझींनी व्हीतेब्स्कच्या ज्यूंचा संहार केला, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला तसे वाटणे साहजिक आहे. तरीही १९११ मध्ये ते जग नांदते होते. १९१४ मध्ये शागाल तिथे परतला, १९१५ मध्ये तिथेच त्याने बेला रोझेनफेल्डशी लग्न केले. शोक त्याने वेगळ्या रीतीने रंगवला. ‘श्वेत क्रूसारोहण’ (१९३८) या चित्रातही घरे उलटलेली आहेत, पण ती पेटलेली आहेत आणि माणसे पळत आहेत. ‘मी आणि गाव’मध्ये कोणीही पळत नाही; शेतकरी कामाला निघाला आहे. म्हणून हे चित्र विलाप म्हणून वाचणे म्हणजे त्या गावाचे जिवंतपण दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय.