सामा, सिमिला, एगाला : योजित भाषेतील साम्यवाचक शब्द

सादृश्य सांगणाऱ्या शब्दांची मोजदाद भारतीय साहित्यशास्त्राला नवी नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या दुसऱ्या परिच्छेदात उपमावाचक शब्दांची जी लांबलचक यादी दिली आहे, तिच्यात इव, यथा, तुल्य, सदृश हे अपेक्षित शब्द आहेतच, परंतु स्पर्धा करणे, जिंकणे, द्वेष करणे या अर्थाची क्रियापदेही आहेत. मुख चंद्राशी स्पर्धा करते, अर्थात ते चंद्रासारखे आहे, हे या यादीमागील गृहीत. स्वाभाविक भाषा सादृश्य किती आडवळणांनी सांगते, याचे हे उत्तम प्रमाण होय. याच्या उलट टोकाला हेतुपुरस्सर योजिलेली भाषा असते. तेथे प्रत्येक शब्द कोणीतरी निवडलेला असल्यामुळे ‘तोच’, ‘तसा’ आणि ‘तेवढाच’ या कल्पनांमधील रेषा भाषाकर्त्याने कोठे आखली, हे तपासता येते.

1668 साली जॉन विल्किन्सने लंडनमध्ये आपल्या तात्त्विक भाषेचा आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा शब्दाच्या अर्थात फेर करणाऱ्या चिन्हांमध्ये रूपक आणि सादृश्य यांची जोडी त्याने योजिली होती. विल्किन्सची भाषा ग्रंथातच राहिली. माणसांच्या तोंडी गेली ती लुडविक झामेनहॉफची एस्पेरान्तो. 1859 मध्ये झामेनहॉफचा जन्म झाला ते बियाविस्तोक हे कापडउद्योगाचे गाव होते. यिद्दिश, पोलिश, रशियन, जर्मन अशा भाषा तेथे शेजारी नांदत आणि भांडतही. सोलापूरच्या वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. गिरण्या आणि माग यांनी वाढविलेल्या या शहरात ‘तसा’ म्हणावयाचे तर एका घरात ‘तसा’, दुसऱ्यात ‘हागे’, तिसऱ्यात ‘अला’ आणि चौथ्यात ‘वैसा’ असे म्हटले जाते. अर्थात दोन्ही गावांचे हे साम्य म्हणजे ऐक्य नव्हे. बियाविस्तोकमध्ये भाषाभेदामागे वांशिक वैराची आणि साम्राज्यसत्तेची जी छाया होती, तिच्याशी सोलापूरचा इतिहास जुळत नाही.

1887 साली वॉर्सा येथे प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पुस्तिकेपासून आकार घेत गेलेल्या या भाषेत साम्यासाठी तीन मुख्य धातू आढळतात : ‘सामा’ (तोच), ‘सिमिला’ (सारखा, सदृश) आणि ‘एगाला’ (समान, तुल्यमूल्य). विरोधवाचक ‘माल-’ हा उपसर्ग लावून ‘मालसामा’, ‘मालसिमिला’, ‘मालएगाला’ ही रूपे सिद्ध होतात. ‘साम-’ समासातही येतो : ‘सामिदेआनो’ म्हणजे समविचारी, ‘सामलांदानो’ म्हणजे एकदेशीय. संस्कृत ‘सम’ आणि हा ‘साम’ एकाच इंडो-युरोपीय मुळाकडे जातात. म्हणून मराठी वाचकाला हे समास परके वाटत नाहीत.

अधिक लक्षणीय आहे ती सहसंबंधी शब्दांची सारणी. किआ-तिआ, किओम-तिओम, किआम-तिआम ही रूपे कसा-तसा, किती-तितका, केव्हा-तेव्हा यांच्याशेजारी ठेवली म्हणजे क-त यांची जुनी भावंडे ओळखू येतात. मात्र एस्पेरान्तोत ‘क’ हाच प्रश्नार्थक आणि हाच संबंधदर्शक. मराठी ‘कसा’ आणि ‘जसा’ यांत भेद करते. त्यामुळे मराठीत प्रश्न आणि उपमा यांची पहिली अक्षरेच वेगळी पडतात. ओवीबद्ध वाङ्मयातील ‘जैसे… तैसे’ या दृष्टांतरचनेला या भेदाचे मोठे पाठबळ आहे. 1907 मध्ये सुधारणावाद्यांनी ‘इदो’ ही पर्यायी भाषा पुढे केली, तेव्हा त्यांनी ही सारणीच मोडून तिच्याजागी लॅटिनोद्भव भाषांच्या वळणाचे शब्द घातले. सारणीची नियमितता शब्दांना परस्परांसारखे करते. आणि जे शब्द फार सारखे, ते कानाला चटकन वेगळे कळत नाहीत. साम्याचे शब्द स्वतःच्याच साम्याने अडचणीत यावेत, हा प्रसंग अभ्यसनीय होय.

मराठीने निराळा मार्ग धरला. ‘सदृक्ष’पासून प्राकृतातून आलेला ‘सारखा’ हा शब्द सदृश, समान, सतत (‘सारखा बोलतो’) आणि नीटनेटका (‘केस सारखे कर’) असे अर्थ वाहतो. ऐक्यासाठी वेगळा धातू न शोधता मराठी ‘च’ जोडते : तोच, तसाच, तेवढाच. व्यक्ती, प्रकार आणि परिमाण यांतील भेद येथे सर्वनामच सांभाळते. ‘सामा’मध्ये मात्र ‘तीच वस्तू’ आणि ‘त्याच प्रकारची वस्तू’ हे दोन्ही अर्थ मिसळतात. त्यांपैकी पूर्ण ऐक्यासाठी ‘इदेंता’ हा आणखी एक शब्द वापरात आहे. योजनेने मिटविलेली संदिग्धता व्यवहार पुन्हा निर्माण करतो.

हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. नैयायिकांनी सादृश्याच्या लक्षणात भेदाची अट आधी घातली : जे त्याहून भिन्न असून त्याचे पुष्कळ धर्म धारण करते, ते त्याच्यासारखे. मम्मटाची उपमाही भेद असतानाचे साधर्म्यच मागते. ‘एगाला’ आणि ‘सामा’ यांना वेगळे धातू देताना समान होण्यासाठी एकरूप व्हावे लागत नाही, हे झामेनहॉफच्या भाषेने व्याकरणातच नोंदविले. मराठीत ‘सगळ्यांना सारखे लेखावे’ यात समता आहे, तर ‘सगळे सारखेच’ यात तुच्छता. फरक क्रियापदाने आणि एका ‘च’ने पडतो. एस्पेरान्तोचा अभ्यास केलेले विनोबा भावे नागरीचा पुरस्कार करीत, तो इतर लिप्यांच्या जागी नव्हे, तर त्यांच्याबरोबर नागरीही असावी, असा. झामेनहॉफलाही आपली भाषा प्रत्येकाची दुसरी भाषा म्हणूनच हवी होती. दोघांच्याही भूमिकेत ‘च’ऐवजी ‘ही’ आहे. बहुभाषिक गावातील समतेचा विचार करताना हे दोन निपात वेगळे ठेवावे लागतात.