धनादेश न वटल्यास: मुदती, नोटीस आणि कायदेशीर उपाय

उधारीवर माल देणारा दुकानदार असो किंवा आप्तेष्टास हातउसने पैसे देणारे कुटुंब असो, परतफेडीची हमी म्हणून धनादेश स्वीकारण्याची पद्धत देशभर रूढ आहे. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने धनादेश परत आला, तर कायद्याने धारकास प्रभावी उपाय दिला आहे. मात्र या उपायाचे आयुष्य ठरावीक दिवसांचे असते. अनेक खरे दावे मुदत चुकल्यामुळे किंवा नोटिशीतील त्रुटीमुळे निष्फळ ठरतात.

कायद्याचे स्वरूप

परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजेच निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ सालचा आहे. त्यात कलम १३८ समाविष्ट होऊन १ एप्रिल १९८९ पासून धनादेशाचा अनादर हा फौजदारी अपराध ठरला. दोषी व्यक्तीस दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खाते बंद करणे किंवा बँकेस रक्कम अदा न करण्याची सूचना देणे, या मार्गांनीही जबाबदारी टळत नाही.

धनादेश कायदेशीर देण्यापोटी दिलेला असला पाहिजे. देणगी किंवा भेट म्हणून दिलेल्या धनादेशास हे कलम लागू होत नाही. धनादेशावरील सही मान्य झाली की तो देण्यापोटीच दिला होता, असे न्यायालय गृहीत धरते. देणे नव्हते हे दाखविण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

चार मुदती

पहिली मुदत बँकेची. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत सादर करावा लागतो. या काळात तो पुन्हा सादर करण्यास हरकत नसते.

दुसरी मुदत नोटिशीची. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस देऊन रकमेची मागणी करावी लागते. २००३ पूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती.

तिसरी मुदत देणेकऱ्याची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पूर्ण रक्कम दिली, तर अपराध घडत नाही. हे १५ दिवस संपण्यापूर्वी दाखल केलेली तक्रार टिकत नाही.

चौथी मुदत तक्रारीची. १५ दिवस उलटल्यावर एक महिन्याच्या आत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात लेखी तक्रार दाखल करावी लागते. विलंबास सबळ कारण असल्यास न्यायालय तो क्षमापित करू शकते, परंतु त्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते.

उदाहरणार्थ, बँकेचा परतीचा मेमो ३ मार्च रोजी मिळाला, तर नोटीस २ एप्रिलपर्यंत द्यावी. ती ५ एप्रिल रोजी पोहोचली, तर देणेकऱ्यास २० एप्रिलपर्यंत अवधी मिळतो. त्यानंतर २० मेपर्यंत तक्रार दाखल करणे सुरक्षित असते.

नोटीस कशी असावी

नोटिशीत धनादेशाचा क्रमांक, तारीख, बँक, परतीचे कारण आणि मागणीची रक्कम स्पष्ट असावी. मागणीची रक्कम धनादेशावरील रकमेशी तंतोतंत जुळणे अत्यावश्यक आहे. टंकलेखनातील चूकही प्रकरणास घातक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. व्याज किंवा खर्च मागावयाचा असल्यास तो स्वतंत्रपणे दर्शवावा. नोटीस योग्य पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि बटवड्याचा पुरावा जपून ठेवावा. योग्य पत्त्यावर पाठविलेली नोटीस घेण्याचे टाळल्याने देणेकऱ्याची सुटका होत नाही.

तक्रार कोठे करावी

धारकाने धनादेश आपल्या खात्यात जमा केला असेल, तर त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयास अधिकार असतो. २०१५ च्या दुरुस्तीने ही तरतूद झाली. त्यामुळे इंदूरच्या व्यापाऱ्यास बेळगावच्या ग्राहकाविरुद्ध इंदूर येथेच तक्रार करता येते. २०१८ च्या दुरुस्तीनुसार न्यायालय खटला चालू असताना धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविू शकते. मात्र तसा आदेश देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते.

कुटुंबीय आणि भागीदार

संयुक्त खात्याच्या धनादेशावर ज्याची सही आहे, तोच सामान्यतः आरोपी होतो. सही न करणाऱ्या पती किंवा पत्नीस केवळ खातेदार म्हणून गोवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. याउलट, दुसऱ्याच्या कर्जासाठी हमीदार म्हणून स्वतःचा धनादेश देणारी व्यक्ती जबाबदार ठरते. भागीदारी संस्था किंवा कंपनीच्या बाबतीत त्या वेळी कारभार पाहणारे भागीदार आणि संचालकही जबाबदार धरले जातात.

सही केलेला कोरा धनादेश देणे विशेष जोखमीचे आहे. मजकूर दुसऱ्याने भरला, तरी कायद्याचे गृहीतक सही करणाऱ्याविरुद्ध लागू होते, असे २०१९ च्या निकालात नमूद आहे. काही रक्कम परत केली असेल, तर तिची लेखी पावती घ्यावी आणि जुना धनादेश परत मागावा किंवा त्यावर अंशतः फेडीची नोंद करून घ्यावी.

तडजोड आणि दिवाणी दावा

हा अपराध तडजोडीस पात्र आहे. प्रकरणे लोकअदालतीतही मिटविता येतात आणि जितक्या लवकर समझोता होईल तितका खर्च कमी येतो. फौजदारी तक्रारीची मुदत टळली, तरी मूळ देणे बुडत नाही. सामान्यतः तीन वर्षांच्या आत वसुलीचा दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी बिले, डिलिव्हरी चलन, खातेउतारा आणि कर्जाची लेखी नोंद उपयोगी पडते. म्हणून व्यवहार घरातील असला, तरी रक्कम, तारीख आणि प्रयोजन यांची लेखी नोंद ठेवावी आणि धनादेश परत येताच विनाविलंब वकिलांचा सल्ला घ्यावा. ज्यांना वकिलाचा खर्च परवडत नाही, अशा पात्र व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळू शकते.