इग्निशन कॉइलचा बिघाड: निदान आणि घरच्या घरी बदल

पेट्रोल गाडीची इग्निशन कॉइल बदलायला दहाचा सॉकेट, रॅचेट आणि एक लांब एक्स्टेन्शन एवढी हत्यारे पुरतात. एक कपलर सोडवला, एक बोल्ट काढला की कॉइल हातात येते. काम इतके सोपे असल्यामुळेच त्यात फसगत होते. गाडी मिसिंग मारू लागली की नवी कॉइल आणून बसवली जाते. कधी गाडी सुधारते, कधी सुधारत नाही, तर कधी काही महिन्यांत नवी कॉइलही जाते. पहिल्या वेळी निदान योगायोगाने जुळलेले असते, दुसऱ्या वेळी ते चुकलेले असते आणि तिसऱ्या वेळी अर्धवट राहिलेले असते. कॉइल पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या तरी दोषापायी मरते. तो दोष हुडकणे हे खरे काम; कॉइल बदलणे हा त्याचा शेवटचा आणि सर्वांत हलका भाग. हे सूत्र धरून पुढील विवेचन केले आहे. उदाहरणासाठी आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारे चार सिलिंडरचे, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेले पेट्रोल इंजिन घेतले आहे.

१. कॉइलचे कार्य

बॅटरी १२ व्होल्ट देते, पण प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. ही तफावत भरून काढण्याचे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्याची तार जाड आणि वेढे थोडे; दुय्यम वेटोळ्याची तार केसासारखी बारीक आणि वेढे साधारण शंभरपट.

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, प्राथमिक वेटोळ्यात प्रवाह सोडतो. तो प्रवाह एकदम चढत नाही. वेटोळ्याचे प्रेरकत्व ३ मिलीहेन्री आणि रोध अर्धा ओहम धरला, तर १२ व्होल्टवर ७ अँपिअर गाठायला सुमारे २ मिलीसेकंद लागतात. त्या क्षणी चुंबकीय क्षेत्रात साधारण ७० मिलीज्यूल ऊर्जा साठलेली असते. मग ईसीयू प्रवाह तोडतो. जोराने वाहणारा नळ झटक्यात बंद केला की पाइप धडकतो, तसे इथे घडते: प्राथमिक वेटोळ्यात तीन-साडेतीनशे व्होल्ट उसळतात आणि वेढ्यांच्या शंभरपटीने दुय्यम वेटोळ्याची क्षमता तीस-पस्तीस हजारांवर जाते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला बॅटरीविषयी. सकाळी स्टार्टर फिरताना बॅटरी ९ व्होल्टवर आली, तर तेच ७ अँपिअर गाठायला २ ऐवजी ३ मिलीसेकंद लागतात. ईसीयू ही वेळ वाढवून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून तक्रार फक्त स्टार्टिंगची असेल, तर कॉइलच्या आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासावेत.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. कॉइल ठरावीक व्होल्टेज देत नाही; फटीतला वायू फुटून ठिणगी पडेपर्यंतच व्होल्टेज चढते. कॉइलला किती ताण सोसावा लागेल, हे कॉइल ठरवत नाही, प्लग ठरवतो. फ्रिडरिश पाशेनने १८८९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वायू फुटण्याचे व्होल्टेज दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. सिलिंडरमध्ये मिश्रण जितके जास्त भरेल तितका दाब जास्त, आणि फट जितकी रुंदावेल तितकी मागणी मोठी. सपाट रस्त्यावर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी खंबाटकी घाटाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच झटके देऊ लागते, त्याचे कारण हेच.

२. कॉइल मरण्याची कारणे

दोन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार ठिणग्या पडतात. ताशी सरासरी ५० किलोमीटर धरले तर एक लाख किलोमीटरमध्ये एका कॉइलने सुमारे १२ कोटी ठिणग्या पाडलेल्या असतात. त्याही इंजिनाच्या माथ्यावर, उष्णतेत आणि कंपनात. तरीही अनेक कॉइली तेवढे अंतर सहज पार करतात. एखादी आधीच गेली, तर तिच्या मृत्यूची कारणे तीन गटांत पाहता येतात.

पहिला गट वाढलेल्या मागणीचा. प्लगची टोके ठिणगीगणिक कणाकणाने झिजतात आणि फट रुंदावते. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजार किलोमीटरनंतरही न बदलता चालवले, की कॉइलला प्रत्येक वेळी अधिक व्होल्टेज चढवावे लागते. तो ताण शेवटी तिच्या आतल्या इपॉक्सीच्या आवरणावर येतो. एखाद्या सूक्ष्म चिरेतून वीज वाट काढते, वाट जळून कोळशाची होते आणि मग ठिणगी प्लगऐवजी तिथूनच निसटते. सीएनजीवर हा प्रकार लवकर उघडा पडतो, कारण मिथेनच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलवर सुरळीत आणि सीएनजीवर मिसिंग असे लक्षण असेल, तर प्लग व कॉइल संशयितांच्या यादीत वर येतात. गॅसचे इंजेक्टर मात्र त्या यादीतून वगळू नयेत.

दुसरा गट बाहेरून आत शिरणाऱ्या गोष्टींचा. टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा प्लगच्या विहिरीभोवतीचे सील कडक झाले की तेल विहिरीत उतरते. त्या तेलाने कॉइलचा रबरी बूट फुगतो, मऊ पडतो आणि त्याची विद्युतरोधकता जाते. सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनावर प्रेशरचे पाणी मारले तर तेही तिथेच साठते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरिंग कुरतडतात. तेव्हा कॉइल धडधाकट असूनही तिला वीज पोचत नाही.

तिसरा गट निर्मितीतील दोषाचा. २००३ साली फोक्सवॅगनने अमेरिकेत विकलेल्या लाखो गाड्यांच्या कॉइली बदलून देण्याची मोहीम हाती घेतली होती. अशा प्रकरणी मालकाच्या देखभालीचा काही संबंध नसतो.

हे वर्गीकरण पुढे कामी येते, कारण कॉइल एक बदलायची की सगळ्या, याचे उत्तर ती कोणत्या गटात मोडते यावर ठरते.

३. कोडचा अर्थ

इंजिनातले दोष कोडच्या रूपात नोंदवणारी, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झालेली ओबीडी-२ पद्धत आपल्याकडच्या गाड्यांतही आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये साधा स्कॅनर लावला तरी कोड वाचता येतो. इथे दोन कुळांत फरक करावा लागतो.

पी ०३०१ ते पी ०३०४ हे मिसफायरचे, म्हणजे मिसिंगचे, कोड; शेवटचा आकडा सिलिंडरचा. ईसीयूला ठिणगी दिसत नाही. तो क्रँकच्या फिरण्याचा वेग क्षणोक्षणी मोजतो. प्रत्येक सिलिंडरच्या स्फोटाबरोबर क्रँकला किंचित रेटा मिळतो. तो रेटा ठरलेल्या वेळी आला नाही की ईसीयू त्या सिलिंडरवर बोट ठेवतो. म्हणजे पी ०३०३ चा अर्थ ‘तिसरी कॉइल खराब’ असा नसून ‘तिसऱ्या सिलिंडरने जोर लावला नाही’ एवढाच आहे. त्यामागे कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी काहीही असू शकते. पी ०३५१ ते पी ०३५४ हे कोड मात्र कॉइलच्या विद्युतमंडलाविषयी बोलतात. पण त्यातही कॉइल, कपलर आणि वायर हे तिघे येतात.

चेक लाइट नुसता पेटला असेल तर गाडी सावकाश घरी आणता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला घातक पातळीवर आहे. तीन हजार आरपीएमला बंद सिलिंडर सेकंदाला २५ वेळा न जळलेले मिश्रण बाहेर टाकतो. ते कन्व्हर्टरमध्ये जळते आणि आतली चिनीमातीची जाळी वितळू शकते. कॉइलच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च तिथे वाढून ठेवलेला असतो.

४. अदलाबदल: घरचा नियंत्रित प्रयोग

मल्टिमीटरवर फार विसंबता येत नाही. प्राथमिक वेटोळ्याचा रोध एका ओहमच्या आत-बाहेर असतो आणि स्वस्त मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधही जवळपास तेवढाच भरतो. अनेक कॉइलींत प्रवाह चालू-बंद करणारा इग्नायटर किंवा डायोड आतच असल्याने मीटरचे आकडे निरर्थक ठरतात. शिवाय चिरलेले आवरण मीटरच्या दोन-चार व्होल्टला शाबूत दिसते आणि वीस हजारांना फुटते. तार तुटली असेल तर मीटर ते सांगेल. कॉइल चांगली आहे, हे तो सिद्ध करू शकत नाही.

त्याहून भरवशाची पद्धत अदलाबदलीची. कोड पी ०३०३ असेल तर तिसरी कॉइल पहिल्या जागी आणि पहिली तिसऱ्या जागी बसवावी, कोड पुसावा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग होत होते त्याच परिस्थितीत गाडी चालवावी. गरम झाल्यावर आणि चढावर होणारा दोष थंड इंजिनावर, अंगणात उभ्या गाडीत दिसणार नाही. आता कोड पी ०३०१ आला, तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइल दोषी. पी ०३०३ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची तशीच अदलाबदल करावी. तरीही दोष जागचा हलला नाही, तर इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन उरतात, आणि तिथे गॅरेजची वाट धरावी. पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर कोड सरकला तरी कोणामुळे ते कळत नाही.

कॉइल उपसून टोक धातूजवळ धरून ‘ठिणगी पडते का’ बघण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तीस हजार व्होल्ट, आसपास पेट्रोलची वाफ आणि ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइलच्या आवरणावर व ईसीयूवर येणारा ताण, असे तिन्ही धोके त्यात एकवटतात.

५. प्रत्यक्ष बदल

इंजिन पूर्ण थंड असावे. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होण्याची भीती असते. इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. वरचे प्लॅस्टिकचे कव्हर, काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबाही, बाजूला घ्यावा आणि कॉइलींभोवतीची धूळ ब्रशने व हवेने उडवावी, नाहीतर ती पुढे विहिरीत पडते.

कपलरचे लॉक वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेले असते. वायर धरून ओढू नये. कपलर आधी कॉइलच्या दिशेने किंचित आत दाबावा, म्हणजे लॉकवरचा ताण सुटतो. मग खटका दाबून मागे घ्यावा. बोल्ट काढल्यावर कॉइल थेट उपसू नये. बूट प्लगच्या चिनीमातीला चिकटलेला असतो. आधी थोडी डावी-उजवी फिरवून तो सुटला की सरळ वर घ्यावी. एकेक कॉइल काढून तिचे काम पुरे करावे, म्हणजे कपलर उलटसुलट लागण्याचा प्रश्न येत नाही.

काढलेली कॉइल हा पुरावा आहे. ती लगेच टाकून देऊ नये. बुटाच्या आत किंवा प्लगच्या पांढऱ्या अंगावर वरून खाली उतरणारी पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेष दिसली, तर वीज तिथून निसटत होती. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदलावेत, कारण एकावरची रेष दुसऱ्यावर नवी वाट पाडते. प्लगच्या धातूच्या कडेलगत चिनीमातीवर फिकट तपकिरी पट्टा दिसला, तर तो कोरोना नावाच्या विद्युत-विसर्गाचा नेहमीचा डाग आहे. त्याला दोष समजू नये. बूट तेलाने माखलेला असेल तर पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइल बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्लग बदलायचा असेल तर आटे हातानेच धरवावेत. पाना लावून सुरुवात केली आणि आटा तिरका धरला, तर दुरुस्ती हेडवर जाते. १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० पुरतात. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अर्थातच प्रमाण. बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवावा, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही. बुटातल्या स्प्रिंगवर ग्रीस थापू नये. ते विद्युतरोधक आहे. कॉइल सरळ खाली दाबून पूर्ण बसल्याची खात्री करावी. तिचा बोल्ट लहान असतो. ८ ते १० न्यूटन-मीटर त्याला पुष्कळ, आणि टॅपेट कव्हर प्लॅस्टिकचे असेल तर त्याहूनही कमी. कपलर खट्ट वाजला की लागला.

६. एक की चारही?

तेल किंवा पाण्याने एक कॉइल गेली असेल, तर कारण त्या विहिरीपुरते आहे. ते दूर करून एक कॉइल बदलावी आणि बाकीच्या विहिरी कोरड्या आहेत ना, ते पाहावे. झिजलेल्या प्लगमुळे गेली असेल, तर कारण चारही सिलिंडरना समान आहे. चारही प्लग एकदम बदलावेत, पण चांगल्या चालणाऱ्या कॉइली फेकायचे कारण नाही. प्लगची झीज मोजता येते, कॉइलची येत नाही. त्यामुळे ‘मुदत संपली’ म्हणून कॉइल बदलण्याला आधार नाही. निर्मितीदोष असेल, किंवा पाठोपाठ दुसरी कॉइलही गेली आणि बाहेरचे कारण सापडले नाही, तर मात्र चारही बदलणे शहाणपणाचे.

खरेदी करताना जुन्या कॉइलवरचा पार्ट नंबर जुळवावा. दिसायला सारख्या कॉइलींत आतला इग्नायटर आणि वेढ्यांचे प्रमाण वेगळे असू शकते. डुप्लिकेट माल काही दिवस चालतो आणि पुन्हा तोच कोड आणतो. तेव्हा निदान चुकले की माल वाईट निघाला, हे कळायला मार्ग राहत नाही. गाडी वॉरंटीत असेल, किंवा व्ही-६ इंजिनाच्या मागच्या कॉइलींसाठी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागत असेल, तर घरी हात न घालणेच बरे.

७. पडताळणी

टर्मिनल जोडून कोड पुसावेत. बॅटरी सोडवल्यामुळे पहिली काही मिनिटे आयडलिंग थोडे खालीवर होऊ शकते. त्याला मिसिंग समजू नये. गाडी गरम झाल्यावर चढावर, वरच्या गिअरमध्ये चालवून पुन्हा स्कॅन करावे. एवढ्याने नवी कॉइल चालते हे सिद्ध होते. जुनी का गेली, याचे उत्तर मात्र झिजलेला प्लग, तेलकट विहीर, ओल किंवा कोळशाची रेष यांपैकी एका तरी खुणेवर बोट ठेवून देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर पुढच्या हजार-दोन हजार किलोमीटरनंतर तीच कॉइल पुन्हा काढून बूट आणि विहीर तपासावी.