अनार्काचें ऋण

अडलेल्या बाळंतिणीस वेळीं साहाय्य मिळालें नाहीं आणि बाळाचें मस्तक दोन-तीन दिवस ओटीपोटाच्या हाडांत अडकून राहिलें, म्हणजे मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडदा चेंगरून निर्जीव होतो. पुढें तेथें छिद्र पडून मूत्र अहोरात्र ठिबकत राहतें. मूल बहुधा मेलेलेंच जन्मतें. आई जगते, परंतु दुर्गंधीमुळें घरचीं माणसेंही तिला दूर लोटतात. या व्याधीस फिश्चुला म्हणतात. ती बरी करण्याची विद्या सर्जनांनीं सिद्ध केली हें खरें. पण त्या विद्येंत रुग्ण स्त्रियांचा वांटा केवढा, हें फारसें सांगितलें जात नाहीं.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत, माँटगोमेरी शहरीं, डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनीं १८४५ ते १८४९ या काळांत गुलाम स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया करून पाहिली. अनार्का, बेट्सी व लूसी हीं तीन नांवें सिम्स यांच्याच लेखनामुळें टिकलीं. इतरांचीं तींही उरलीं नाहींत. कायद्यानें त्यांच्या देहावर धन्याची मालकी होती, त्यामुळें त्यांची संमति घेण्याचें बंधन कोणावरही नव्हतें. ईथरचा जाहीर प्रयोग बॉस्टन येथें १८४६ सालींच झाला होता, तरी त्यानंतरही या स्त्रियांना भूल दिली गेली नाहीं. एकट्या अनार्कावर सुमारें ३० वेळां शस्त्र चाललें. सिम्स यांचे साहाय्यक डॉक्टर कंटाळून निघून गेले, तेव्हां याच स्त्रिया शस्त्रक्रियेच्या वेळीं एकमेकींस धरूं लागल्या व त्या कामांत तरबेज झाल्या. अखेर रेशमाऐवजीं चांदीच्या तारेचे टांके घातल्यावर १८४९ मध्यें अनार्काचें छिद्र मिटलें. सिम्स यांचा निबंध १८५२ सालीं प्रसिद्ध झाला आणि १८५५ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं स्त्रियांचें रुग्णालय काढलें.

पुढें सुरक्षित बाळंतपणाची सोय वाढली, तशी युरोप-अमेरिकेंतून ही व्याधि बहुतेक नाहींशी झाली. जेथें बाळंतिणीला रुग्णालय गांठणें दुष्कर, तेथें मात्र ती राहिली. इथिओपिया हा असाच देश. कॅथरिन व रेजिनाल्ड हॅम्लिन हें डॉक्टर दांपत्य १९५९ सालीं अदिस अबाबा येथें आलें आणि त्यांनीं पुढें केवळ या व्याधीसाठीं स्वतंत्र रुग्णालय उभारलें. त्यांच्याकडे १९६२ मध्यें मामितू गाशे नांवाची निरक्षर खेडवळ तरुणी रुग्ण म्हणून आली. ती तेथेंच राहिली, बिछाने घालूं लागली, मग शस्त्रक्रियेंत हाताशीं उभी राहूं लागली आणि शेवटीं स्वतः निष्णात सर्जन झाली. शिकलेले डॉक्टर तिच्याकडून हें काम शिकले.

माँटगोमेरीच्या स्त्रियांनाही हाताशीं उभें राहावयास मिळालें. त्यापुढची वाट गुलामगिरीनें अडविली होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ सालीं हलविण्यांत आला, आणि २०२१ सालीं माँटगोमेरी येथें अनार्का, बेट्सी व लूसी यांचे पुतळे उभे राहिले.