मधल्या पायरीवरचे चौघे

निकाल लागणे आणि तो अमलात येणे यांत केवढे अंतर असते, हे अमेरिकेतील पाचव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाचा इतिहास सांगतो. जिल्हा न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यामधली ही पायरी. त्या काळी टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंतची दक्षिणेतील सहा राज्ये तिच्या अखत्यारीत होती.

शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ठरवले. पण तो केव्हापर्यंत संपवायचा, याची मुदत घातली नाही. राज्यांना चालढकलीला वाव मिळाला. तिला आवर घातला तो टटल, विज्डम, ब्राउन आणि राइव्ह्ज या चार न्यायमूर्तींनी. १९५६ साली माँटगोमेरीच्या बसगाड्यांतील भेदभाव रद्द करणाऱ्या पीठात राइव्ह्ज होते. १९६२ साली विज्डम यांच्या निकालाने जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला मिसिसिपी विद्यापीठाचे दार उघडले. ‘योजना नुसती कागदावर नको, तिने भेद प्रत्यक्षात मिटला पाहिजे,’ असा दंडक त्यांनी १९६६ साली घालून दिला.

या चौघांची घरे दक्षिणेतच होती. निकाल देऊन त्यांना त्याच शेजारात परतावे लागे. राइव्ह्ज यांच्या मुलाच्या कबरीवर लोकांनी कचरा टाकला. तरी ते ढळले नाहीत.

१९८१ साली या न्यायालयाचे विभाजन झाले. १९९४ साली न्यू ऑर्लिन्समधील त्याच्या इमारतीला विज्डम यांचे नाव दिले गेले. घटनेने दिलेला हक्क सामान्यांच्या दारापर्यंत पोचतो, तो अशा मधल्या पायरीवरच्या माणसांमुळे.