रंधा

रंधा हे लाकडाचा पृष्ठभाग सपाट, सरळ व गुळगुळीत करण्याचे सुतारकामातील हाताने चालवायचे हत्यार आहे. ठोकळ्यात तिरपे बसवलेले पोलादी पाते तळातील फटीतून किंचित बाहेर आलेले असते. रंधा पुढे ढकलला की ते लाकडाचा पातळ पापुद्रा सोलून काढते. वाकस किंवा पटाशी यांनीही लाकूड तासता येते, परंतु तेथे कापाची खोली कारागिराच्या हातावर अवलंबून असते; रंध्यात ती तळ ठरवतो. रंध्याची निवड व जुळणी यांविषयीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यासारख्या ग्रामीण भागातील सुतारकाम समोर ठेवून या हत्याराची माहिती दिली आहे.

व्युत्पत्ती व इतिहास

मराठी 'रंधा' व हिंदी 'रंदा' हे शब्द फारसी 'रंदा' या शब्दावरून आले आहेत. फारसीत हाच शब्द किसणीसाठीही वापरला जातो; तुर्की भाषेत तो 'रेंदे' असा आढळतो. मराठीत 'रंधा मारणे' आणि 'रंधणे' असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत.

रोमन काळातील रंधे इटलीतील पाँपेई येथे सापडले आहेत. हे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे हे हत्यार किमान तितके जुने आहे. त्यानंतर सुमारे अठराशे वर्षे त्याची मूळ रचना, म्हणजे ठोकळा, पाते आणि पाचर, जवळजवळ तशीच राहिली. मोठा बदल अमेरिकेत झाला. लेनर्ड बेली याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाते स्क्रूने पुढे-मागे करता येईल अशा लोखंडी रंध्याची एकस्वे घेतली आणि १८६९ मध्ये त्याचा व्यवसाय स्टॅन्ले कंपनीकडे गेला. आज भारतातील हत्यारांच्या दुकानांत मिळणारा लोखंडी रंधा बहुधा याच धाटणीचा असतो. जपानी रंधा मात्र ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढून चालवतात.

रचना

लाकडी रंध्याचे मुख्य भाग चार: ठोकळा, तळाचे तोंड, पाते व पाते आवळणारी पाचर. ठोकळ्यासाठी शिसव, बाभूळ किंवा सागाचा जुना, पूर्ण वाळलेला गाभा वापरतात. लोखंडी रंध्यात पाचरेची जागा आवळपट्टी घेते. पाते ज्या तिरप्या बैठकीवर टेकते तिला कारागीर इंग्रजी नावाने 'फ्रॉग' म्हणतात. मागच्या पितळी चाकाने पाते खाली-वर होते, तर वरच्या दांडीने ते डावी-उजवीकडे झुकवता येते. बेली धाटणीत या चाकाचे आटे उलटे असतात, त्यामुळे चाक उजवीकडे फिरवले की पाते पुढे सरकते.

बहुतेक रंध्यांत पात्यावर दुसरी एक पट्टी बसवलेली असते, तिला 'कॅप' म्हणतात. पापुद्रा वर चढताच ती त्याला मोडते. न मोडलेला पापुद्रा धारेच्या पुढे लाकूड चिरत नेतो आणि पृष्ठभाग उचकटतो. ही पट्टी केवळ पाते दाबून धरण्यासाठी असते, असा नवशिक्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

प्रकार व निवड

रंध्याची निवड प्रामुख्याने लांबीवरून होते. आखूड रंधा लाकडाच्या खोलगट भागात उतरतो आणि चढावर चढतो, म्हणून तो पृष्ठभाग गुळगुळीत करतो पण सरळ करीत नाही. लांब रंधा खोलगट भागावरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटे कापतो. पापुद्रा अखंड निघू लागला की लाकूड सरळ झाले, असे समजतात.

बेली धाटणीच्या रंध्यांना क्रमांक आहेत. चार क्रमांकाचा सफाईचा रंधा सुमारे २४० मिलिमीटर लांब असतो, पाच क्रमांकाचा 'जॅक' सुमारे ३५५, तर कडा जुळवण्याचा सात क्रमांकाचा रंधा सुमारे ५६० मिलिमीटर. यांखेरीज चौकटीच्या कडेला खाच पाडणारा, खोबण काढणारा आणि नक्षीच्या पट्ट्या उठवणारा 'गलता' असे खास कामाचे रंधे आहेत. जुन्या वाड्यांच्या दारांवरील गोलाईदार पट्ट्या गलत्यानेच निघत; आता तयार पट्ट्या व यंत्रांमुळे हा रंधा दुर्मिळ होत चालला आहे.

ज्याला एकच रंधा घेणे परवडते त्याने पाच क्रमांकाचा किंवा तेवढ्याच लांबीचा लाकडी रंधा घ्यावा, हा सल्ला बहुतेक जाणकार देतात आणि तो योग्य आहे. दोन पाती ठेवली तर एकाच ठोकळ्यात दोन कामे होतात: धार किंचित गोलाकार असलेले पाते जाड तासकामाला आणि जवळजवळ सरळ धारेचे सफाईला. चार क्रमांकाचा रंधा हाताला हलका लागतो म्हणून अनेक जण तो आधी घेतात. नंतर दाराची फळी सरळ करताना अडचण येते.

जुना रंधा विकत घेताना ठोकळ्याला तडे, तोंडापाशी झीज आणि पात्यात उरलेले पोलाद पाहावे. जुन्या पात्यांत कित्येकदा मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. तो संपला की धार टिकत नाही. लोखंडी रंध्याचा गंज घासून जातो, पण बीडाच्या ठोकळ्याला गेलेला तडा दुरुस्त करणे व्यवहार्य नसते. गावातील लोहाराने वाहनाच्या कमानपाट्यापासून किंवा जुन्या कानशीपासून घडवलेली पातीही वापरात आहेत. पाणी नीट दिलेले असेल तर ती बाजारातील स्वस्त पात्यांपेक्षा सरस ठरू शकतात.

कळवण परिसरातील काम व लाकूड

कळवण तालुका गिरणा नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. पश्चिमेकडे सुरगाण्याच्या दिशेने डोंगर व पानझडी वने, तर चणकापूर धरणाखालच्या पट्ट्यात बागायती शेती, असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे येथील सुतारकामाला दोन बाजू आहेत: घराची आणि शेतीची.

सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगराचा हळस, रुमणे, जू, कुळव, पाभर, बैलगाडीची साटी व चाके ही त्याची पिढीजात कामे. यांतील बरेचसे घडण्याचे काम वाकसाने होते. जेथे दोन लाकडे एकमेकांत बसतात किंवा हात लागतो तेथे रंधा येतो. रुमण्यावरचा उभा राहिलेला तंतू नांगरणाऱ्याच्या हातात सल होऊन रुततो, म्हणून तेवढा भाग तरी रंधून घ्यावा लागतो. ट्रॅक्टरमुळे ही कामे बरीच घटली. उन्हाळी कांद्याच्या चाळी हे या भागातील लाकूडकामाचे एक क्षेत्र आहे, परंतु त्यांच्या पट्ट्या मुळात रंधण्याची गरज नसते. आतल्या बाजूचे धारदार कंगोरे मोडले तरी पुरते.

लाकडानुसार रंध्याची जुळणी बदलते. सागाचा रेषा बहुधा सरळ असतो व तो सहज रंधला जातो, पण त्यात वाळूच्या जातीचे सिलिका असल्यामुळे धार लवकर बोथट होते. बाभूळ कठीण असून तिचा रेषा अनेकदा आलटून-पालटून वळतो. शिसवीतही हाच स्वभाव आढळतो. अशा लाकडावर एका दिशेने रंधा मारला की एक पट्टा गुळगुळीत होतो आणि शेजारचा उचकटतो. शिवण व आंबा तुलनेने मऊ. त्यांना बोथट पाते चालत नाही, कारण तंतू कापले न जाता दबतात. सागाची तोड व वाहतूक यांवर वनखात्याच्या परवानगीचे बंधन आहे. त्यामुळे जुन्या घरांचे उतरवलेले लाकूड पुन्हा वापरणे सोयीचे पडते. असे लाकूड उत्तम वाळलेले असते, पण त्यात मोडके खिळे दडलेले असतात. रंधा मारण्यापूर्वी ते शोधून काढले नाहीत तर एका फटक्यात पात्याला खांडे पडतात.

जुळणी

नवा रंधा दुकानातून आणताच नीट चालेल, ही अपेक्षा क्वचितच पूर्ण होते. स्वस्त लोखंडी रंध्यांचे तळ पुष्कळदा सपाट नसतात आणि पात्यांना फक्त कारखान्यातील सहाणेची खडबडीत धार असते. 'हा रंधा लाकूड खात नाही' असे म्हणून जे रंधे कोपऱ्यात पडतात, त्यांतील बरेच एका दिवसाच्या मेहनतीने कामाला येऊ शकतात.

तळ तपासताना त्यावर सरळ पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहतात. संपूर्ण तळ आरशासारखा असणे आवश्यक नाही. पुढचे टोक, तोंडाच्या पुढची कड आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे एका पातळीत आली पाहिजेत. यांतील मधली कड खोलगट राहिली तर पात्याच्या अगदी पुढे लाकूड दाबले जात नाही आणि ते फुटते. लोखंडी तळ जाड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करतात. त्या वेळी पाते आत ओढलेले पण नेहमीसारखे आवळलेले असावे, कारण आवळण्याच्या ताणाने तळ किंचित वाकतो. लाकडी रंध्याचा तळ दुसऱ्या लांब रंध्याने सरळ करतात. असे वारंवार केल्याने तोंड रुंदावते. तेव्हा तोंडाच्या पुढे कठीण लाकडाचा तुकडा बसवून ते पुन्हा अरुंद करतात.

पाते बैठकीवर पूर्ण टेकले पाहिजे. पाते व बैठक यांमध्ये भुशाचा कण राहिला किंवा पाचर एकाच बाजूने दाबत असली तर पाते थरथरते आणि लाकडावर आडव्या लाटा उमटतात. पाचर ठोकून अधिक घट्ट करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तिच्या दोन्ही पायांचा दाब सारखा येईपर्यंत ती तासावी लागते.

धार लावताना प्रथम पात्याची सपाट पाठ, निदान धारेलगतचा भाग, दगडावर घासून चकचकीत करतात. ही पायरी वगळली तर समोरून कितीही घासले तरी धार येत नाही, कारण धार म्हणजे दोन पृष्ठांच्या भेटीची रेषा होय. पुढचा उतार साधारण २५ अंशांत सहाणेवर काढून त्याचे टोक कुरुंदाच्या बारीक दगडावर ३० अंशांत पाजवतात. कोनमापक नसल्यास सोपा हिशेब आहे: ३० अंशांचा उतार पात्याच्या जाडीच्या दुप्पट रुंद असतो, म्हणजे ३ मिलिमीटर जाड पात्याला ६ मिलिमीटर. पाठीमागे बारीक कंगोरा वळला की पाते उलटून तो काढतात. विजेच्या सहाणेवर पाते निळे पडले तर तेथील 'पाणी उतरले' असे समजतात. तो भाग पुन्हा घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. म्हणून पाते वरचेवर पाण्यात बुडवीत राहणे आवश्यक असते.

धारेचा आकारही कामाप्रमाणे ठरतो. सफाईच्या पात्याचे फक्त दोन्ही कोपरे किंचित उतरवतात, नाहीतर प्रत्येक फेरीच्या कडेला रेघ उमटते.

कॅपची कड पात्याच्या पाठीवर केसही जाणार नाही इतकी घट्ट बसली पाहिजे. फट राहिली तर तेथे पापुद्रे अडकून तोंड बुजते. जाड तासकामात कॅप धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे ठेवतात, तर सफाईत व उलट्या रेषेच्या लाकडावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणतात. बाभूळ व शिसवीवर हा बदल सर्वांत परिणामकारक ठरतो. तेवढ्याने भागले नाही तर पात्याच्या पाठीला धारेपाशी १० अंशांचा अगदी अरुंद उतार देतात. त्यामुळे ४५ अंशांचा रंधा ५५ अंशांप्रमाणे कापतो. ढकलण्यास तो जड जातो, पण उचकटणे कमी होते. पुढचा उतार बदलून मात्र हा परिणाम साधत नाही, कारण नेहमीच्या रंध्यात पाते उतार खाली ठेवून बसवलेले असते आणि कापाचा कोन पाठच ठरवते.

पाते बाहेर काढताना रंधा उलटा धरून तळाच्या रेषेत पाहतात व पाते दोन्ही बाजूंना सारखे दिसेपर्यंत सरकवतात. लाकडी रंध्यात पात्याच्या माथ्यावर हलका ठोका दिला की ते पुढे येते, ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोका दिला की मागे जाते. नंतर पाचर पुन्हा बसवतात. लोखंडी रंध्यात पाते मागे घेतल्यावर चाक थोडे पुढे फिरवून थांबावे, नाहीतर आट्यांतील ढिलाईमुळे काम करता करता पाते आत सरकते. सुरुवात नेहमी कमी कापाने करतात.

ऋतू व निगा

नाशिक जिल्ह्यात एप्रिल-मेमधील कोरडी उष्णता आणि पावसाळ्यातील ओलावा यांत मोठे अंतर असते. लाकडी रंध्याचा ठोकळा या काळात आकसतो व फुगतो; उन्हाळ्यात सैल झालेली पाचर पावसाळ्यात निघता निघत नाही. ऋतू बदलल्यावर तळ पुन्हा तपासणे आणि ठोकळ्याला अधूनमधून जवसाचे तेल देणे हा त्यावरचा परिपाठ आहे. काम नसताना पाचर सैल ठेवतात. लोखंडी रंधा पावसाळ्यात एका रात्रीत गंजू शकतो, म्हणून तो तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावा लागतो. तळावर मेणबत्ती फिरवली की घर्षण कमी होते.

हाच ऋतुबदल दारांनाही लागू आहे. पावसाळ्यात अडकणारे दार त्याच वेळी भरपूर रंधले तर उन्हाळ्यात त्याला फट पडते. त्यामुळे घासणारी जागा खडूने ओळखून तेवढीच तासणे आणि उघड्या पडलेल्या कडांना, विशेषतः वरच्या व खालच्या कडेला, तेल किंवा रंग देणे इष्ट ठरते.

सद्यस्थिती

विजेचा रंधा, ज्याचे पाते सहसा ८२ मिलिमीटर रुंद असते, जाड तासकामात हातरंध्यापेक्षा कितीतरी जलद आहे आणि त्या कामात त्याला पर्याय शोधण्याचे कारण नाही. मात्र त्याचे फिरते पाते लाकडावर बारीक लाटा ठेवते, आणि बसवलेल्या दाराची कड अर्धा मिलिमीटर उतरवण्यासारख्या कामात तो सहज जास्त कापून जातो. प्लायवूड व लॅमिनेटच्या फर्निचरात रंध्याचे काम कडांपुरते उरले आहे. तेथील डिंकाने पाते लवकर बोथट होते, म्हणून अशा कामासाठी वेगळे पाते ठेवणे सोयीचे असते.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. योजनेत प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. या रकमेतून विजेचा रंधा घेणाऱ्यालाही एक हातरंधा, दोन पाती आणि चांगला दगड यांसाठी पैसे राखून ठेवता येतात. यांपैकी दगडावर केलेली काटकसर सर्वांत महागात पडते.