हिरड्यांना मसाज करणारं साधन कसं असावं?

हिरड्यांच्या मसाजसाठी मिळणारं सगळ्यात साधं साधन म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेला रबराचा छोटा शंकू. काही टूथब्रशच्या मागच्या टोकालाही तो असायचा. शंकूच का? दोन दातांमधली हिरडी त्रिकोणी असते, तिथे बोट पोहोचत नाही. दाढांपर्यंत जायचं तर दांडीची मान वाकडी लागते. रबर इतकं मऊ हवं की जोर जास्त झाला तर तेच वाकेल, हिरडी सोलणार नाही. टोक साधारण 45 अंशांत, दाताच्या चावायच्या बाजूकडे तिरकं धरून हलकेच गोल फिरवतात.

पण हिरडी सुजते ती मुख्यतः दातांवर साचणाऱ्या प्लाकमुळे. 1965 साली हॅराल्ड लोए यांच्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात 12 जणांनी दात घासणं थांबवलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर बऱ्या झाल्या. त्यामुळे मसाज हा ब्रशला पर्याय नाही. साधनाच्या टोकानं दातांच्या फटीतला प्लाकही निघायला हवा, आणि टोक झिजलं की बदलता यायला हवं.

मशेरी लावणं हा मात्र मसाज नव्हे, ती भाजलेली तंबाखू असते. हिरडीतून रक्त येतच राहिलं तर डेंटिस्टला दाखवा.